कीबोर्ड शॉर्टकट बोटांत बसवण्याची पद्धत

एखादा शब्द सिलेक्ट केलेला आहे आणि तो कॉपी करायचा आहे. हात कीबोर्डवरून उठतो, माऊस शोधतो, बाण शब्दावर नेतो, राइट क्लिक करतो, उघडलेल्या यादीत ‘कॉपी’ हुडकतो, क्लिक करतो आणि मग परत कीबोर्डवर येतो. १९८० साली स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या तीन संशोधकांनी अशा बारीक हालचालींना लागणारा वेळ मोजून मांडला. हात कीबोर्डवरून माऊसवर किंवा माऊसवरून कीबोर्डवर न्यायला सरासरी ०.४ सेकंद लागतात. बाण पडद्यावरच्या एखाद्या जागी नेऊन टेकवायला १.१ सेकंद, आणि सराईत माणसाला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद. वरच्या कॉपीचा हिशेब केला तर माऊसने तीन सेकंदांहून जास्त जातात. कंट्रोल धरून सी दाबलं, म्हणजेच कंट्रोल + सी केलं, तर तेच अर्ध्या सेकंदात होतं.

याच मोजमापात आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुढे काय करायचं हे मनात जुळवायला माणसाला सरासरी १.३५ सेकंद लागतात. म्हणजे ‘याचा शॉर्टकट काय होता बरं?’ असा विचार करावा लागला की वाचलेल्या वेळातला निम्मा तिथेच संपतो. दोनदा आठवावं लागलं तर जवळजवळ सगळाच संपतो. म्हणूनच शंभर शॉर्टकटची यादी छापून भिंतीवर लावल्याने वेग वाढत नाही. मी स्वतः तशी दोन पानांची यादी मॉनिटरशेजारी कित्येक महिने लावून ठेवली होती. त्यातलं जे आधीपासून येत होतं तेवढंच वापरत राहिलो. पुढे पद्धत बदलली आणि वर्षभरात साठ-सत्तर शॉर्टकट न आठवता हातून होऊ लागले. ती पद्धत आणि त्या ओघात जे शॉर्टकट खरोखर उपयोगी ठरले ते इथे देतो आहे. उदाहरणं विंडोजची आहेत. मॅकवाल्यांसाठी पुढे एक परिच्छेद आहे.

आधी एक दिवस स्वतःच्या हाताकडे पाहा

शेजारी कागद ठेवा. काम नेहमीसारखंच करा, पण हात माऊसकडे गेला की कशासाठी गेला ते दोन शब्दांत लिहा. ‘टॅब बंद’, ‘शब्द सिलेक्ट’, ‘दुसऱ्या फाइलीत’, ‘खाली स्क्रोल’. तेच काम पुन्हा आलं तर पुढे फक्त एक रेघ ओढा. संध्याकाळी कागद पाहिलात तर पाच-सहा कामांपुढे रेघांची गर्दी दिसेल आणि बाकी सगळं एकेकदाच आलेलं असेल. तुमचे शॉर्टकट त्या पाच-सहा कामांत आहेत. हिशेब लिहिणाऱ्याचा कागद वेगळा निघतो, भाषांतर करणाऱ्याचा वेगळा आणि दिवसभर मेल वाचणाऱ्याचा वेगळा. दुसऱ्याची यादी आपल्या कामाची नसते ती त्यामुळेच.

मग तीन निवडा, तीनच

सगळ्यात जास्त रेघा असलेली तीन कामं घ्या आणि त्यांचे शॉर्टकट एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहा. पुढचा आठवडाभर एकच नियम पाळायचा: या तीन कामांसाठी माऊस वापरायचा नाही. चुकून वापरला तर केलेलं काम कंट्रोल + झेडने मागे घ्या आणि तेच शॉर्टकटने पुन्हा करा. हा भाग सोडू नका. पहिले दोन-तीन दिवस वेग कमी होतो आणि चिडचिडही होते, कारण तो आठवण्याचा वेळ प्रत्येक वेळी मोजावा लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटं आपोआप जातात. ‘तू आत्ता कोणतं बटण दाबलंस?’ असं कुणी विचारलं आणि उत्तर देण्यासाठी तुम्हाला हात हलवून पाहावा लागला, तर शॉर्टकट बसला असं समजा. मग चिठ्ठी फाडा आणि पुढचे तीन घ्या.

हात ठेवण्याची जागाही आत्ताच ठरवून घ्या. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, ते न बघता हात जागेवर येण्यासाठीच आहेत. दोन्ही तर्जन्या तिथे टेकल्या की डाव्या हाताची करंगळी शिफ्ट आणि कंट्रोलपर्यंत पोहोचते, अंगठा आल्टपर्यंत. शक्य तिथे एका हाताने कंट्रोल किंवा शिफ्ट धरा आणि दुसऱ्या हाताने अक्षर दाबा. एकाच हाताची बोटं ताणून कंट्रोल + पी दाबण्याची सवय लागली तर दिवसअखेर मनगट दुखतं. बहुतेक कीबोर्डवर उजवीकडेही कंट्रोल असतं, पण फार थोडे लोक ते वापरतात.

मजकुरात फिरणं: खरा वेळ इथे वाचतो

शॉर्टकट म्हटलं की लोकांना कॉपी-पेस्ट आठवतं. मला विचाराल तर कर्सर हलवणं आणि सिलेक्ट करणं आधी शिका. लिहिण्याचं काम करणाऱ्याचा निम्मा वेळ लिहिलेलं दुरुस्त करण्यात जातो आणि दुरुस्तीच्या जागी पोहोचायला तो दर वेळी माऊस उचलतो.

यातले नियम फार थोडे आहेत आणि ते एकमेकांत जोडता येतात. कीबोर्डवरची बाणाची कळ नुसती दाबली तर ती कर्सरला एक अक्षर हलवते. कंट्रोल धरून बाण दाबला तर कर्सर एकेक शब्द उडी मारतो. होम दाबलं की ओळीच्या सुरुवातीला आणि एंड दाबलं की ओळीच्या शेवटी. कंट्रोलसोबत हेच दाबलं तर दस्तऐवजाच्या पहिल्या किंवा शेवटच्या जागी. आता या प्रत्येकाला शिफ्ट जोडा. कर्सर जिथून जिथवर जाईल तेवढं सिलेक्ट होत जातं. शिफ्ट + एंड म्हणजे कर्सरपासून ओळ संपेपर्यंत. कंट्रोल + शिफ्ट + उजवा बाण म्हणजे पुढचा शब्द. कंट्रोल + शिफ्ट + एंड म्हणजे इथून खालचं सगळं. कंट्रोलने उडी मोठी होते आणि शिफ्टने सिलेक्ट होतं, एवढं कळलं की दहा-बारा शॉर्टकट वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

खोडण्यालाही हाच नियम लागू आहे. कंट्रोल + बॅकस्पेसने मागचा पूर्ण शब्द जातो, कंट्रोल + डिलीटने पुढचा. एखाद्या शब्दाचं टायपिंग पार बिघडलं तर एकेक अक्षर मागे जात बसण्यापेक्षा तो शब्द एका झटक्यात खोडून नव्याने लिहिणं जलद पडतं. मराठीत लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एकेक भाग काढतं, म्हणजे आधी वेलांटी, मग अक्षर. डिलीट मात्र कर्सरपुढचं अख्खं जोडाक्षर मात्रेसकट उडवतं. फक्त ऱ्हस्व-दीर्घ बदलायचं असेल तर अक्षराच्या पुढे जाऊन बॅकस्पेस वापरा. आणि मराठी-इंग्रजी अशी अदलाबदल सतत करावी लागत असेल तर विंडोज + स्पेसबारने कीबोर्डची भाषा बदलते, खालच्या कोपऱ्यात क्लिक करायची गरज नाही.

याचा सराव असा करा. एक जुनं पानभर पत्र उघडा, माऊस हाताला लागणार नाही इतका दूर ठेवा आणि त्यातली दहा वाक्यं बदला: दोन वाक्यांची अदलाबदल, एक परिच्छेद वरून खाली, पाच शब्द नवे. पंधरा मिनिटं पुरतात. हे आठवड्यातून दोनदा केलंत तर महिन्याभरात लिहिताना माऊसची आठवण क्वचित येईल.

कॉपी, पेस्ट आणि क्लिपबोर्डचा इतिहास

कट-कॉपी-पेस्टची कल्पना १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात आकाराला आली. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट तिथे जिप्सी नावाचा मजकूर-संपादक तयार करत होते. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि १९८३ साली आलेल्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या कळांना अनुक्रमे मागे घेणे, कापणे, कॉपी आणि पेस्ट ही कामं मिळाली. या चारही कळा खालच्या ओळीत डावीकडे ओळीने आहेत, त्यामुळे डावा हात तिथेच ठेवून उजव्या हाताने माऊस चालवता येतो. माऊस आणि शॉर्टकट एकत्र वापरण्याचा हा उत्तम नमुना आहे. चित्रं किंवा आकृत्यांचं काम करणाऱ्यांनी याच पद्धतीने काम करावं, त्यांनी माऊस सोडण्याचा आग्रह धरू नये.

हे चार बहुतेकांना येतात. थोड्यांना माहीत असतो तो विंडोज + व्ही. साधा क्लिपबोर्ड फक्त शेवटची कॉपी लक्षात ठेवतो, नवं कॉपी केलं की जुनं गेलं. विंडोज १०च्या ऑक्टोबर २०१८च्या अपडेटपासून क्लिपबोर्डचा इतिहास ठेवता येतो. विंडोज + व्ही पहिल्यांदा दाबलं की तो सुरू करण्याचं बटण समोर येतं. त्यानंतर शेवटच्या २५ गोष्टी तिथे दिसतात आणि बाणाने हवी ती निवडून एंटर दाबलं की पेस्ट होते. एका फाइलीतून पाच वेगवेगळे तपशील दुसरीकडे न्यायचे असतील तर पाच फेऱ्या लागत नाहीत. पाचही ओळीने कॉपी करा, दुसरीकडे जा आणि एकेक पेस्ट करा. वारंवार लागणारा मजकूर पिन करून ठेवला तर संगणक बंद करून सुरू केला तरी तो राहतो. बाकीचं पुसलं जातं. कॉपी केलेला पासवर्डही या यादीत उघडा दिसू शकतो. त्यामुळे सामायिक संगणकावर हा इतिहास बंदच ठेवा.

दुसरीकडून आणलेला मजकूर आपल्याबरोबर रंग, आकार आणि फॉन्ट घेऊन येतो आणि मग ते सगळं सारखं करत बसावं लागतं. ब्राउझरमध्ये आणि आता बऱ्याच संपादकांत कंट्रोल + शिफ्ट + व्ही दाबलं की फक्त अक्षरं येतात, सजावट मागेच राहते. माझ्या रोजच्या कामात साध्या पेस्टपेक्षा हाच जास्त लागतो.

खिडक्यांची ये-जा

आल्ट + टॅब सगळे ‘पुढची खिडकी’ म्हणून वापरतात. पण तो एकदाच चटकन दाबून सोडला तर शेवटच्या दोन खिडक्यांमध्येच ये-जा होते. संदर्भ एका खिडकीत आणि लेखन दुसऱ्या खिडकीत असेल तर कंट्रोल + सी, आल्ट + टॅब, कंट्रोल + व्ही, आल्ट + टॅब ही चार तालांची लय बसवा.

दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी हव्या असतील तर विंडोज + डावा बाण आणि विंडोज + उजवा बाण. टास्कबारवर, म्हणजे पडद्याच्या तळाच्या पट्टीवर, लावलेले प्रोग्राम विंडोज + १, विंडोज + २ असे क्रमाने उघडतात. रोजचे चार-पाच प्रोग्राम ठरावीक क्रमाने लावून ठेवले की आकडा हीच त्यांची ओळख होते. विंडोज + डी सगळं बाजूला सारून डेस्कटॉप दाखवतं. जागेवरून उठताना विंडोज + एलने पडदा कुलूपबंद करा. यात वेळ वाचत नाही, पण ही सवय प्रत्येकाला असायलाच हवी. पडद्याच्या एका तुकड्याचं चित्र हवं असेल तर विंडोज + शिफ्ट + एस. एखादा प्रोग्राम अडकला तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर, म्हणजे अडकलेला प्रोग्राम बंद करण्याची खिडकी, थेट उघडतो.

ब्राउझर

इथे चार शॉर्टकटने बहुतेक काम भागतं. कंट्रोल + टीने नवा टॅब, कंट्रोल + डब्ल्यूने बंद, कंट्रोल + एलने कर्सर पत्त्याच्या पट्टीत, आणि कंट्रोल + शिफ्ट + टीने चुकून बंद झालेला टॅब परत. हा चौथा एकामागून एक दाबत गेलात तर आधी बंद केलेले टॅबही उलट क्रमाने उघडत जातात. कंट्रोल + १ ते ८ त्या त्या क्रमांकाच्या टॅबवर नेतात, पण कंट्रोल + ९ मात्र कितीही टॅब असले तरी शेवटच्या टॅबवर नेतो.

लांबलचक पानावर एखादा दुवा शोधायचा असेल तर कंट्रोल + एफ दाबून त्याची दोन-तीन अक्षरं लिहा, एंटरने पुढच्या ठिकाणी जा, शिफ्ट + एंटरने मागच्या. हवा तो दुवा सापडला की एस्केप दाबा आणि मग एंटर. क्रोममध्ये तो दुवा उघडतो.

अर्ज भरताना टॅबने पुढच्या रकान्यात आणि शिफ्ट + टॅबने मागच्या रकान्यात जा. चौकटीत खूण करायला स्पेसबार, पर्यायांची यादी उघडायला आल्ट + खालचा बाण. यादी लांब असेल तर पहिली दोन अक्षरं टाइप करा, ती तिथे उडी मारते.

फाइली आणि फोल्डर

फाइलीचं नाव बदलायला एफ २. तो मागचं एक्स्टेन्शन (.jpg सारखी शेवटची अक्षरं) सोडून फक्त नावच सिलेक्ट करतो. नाव लिहून एंटरऐवजी टॅब दाबलं की लगेच पुढच्या फाइलीचं नाव बदलायला मिळतं. पन्नास फोटोंना नावं देताना याची किंमत कळते. नवा फोल्डर कंट्रोल + शिफ्ट + एन, वरच्या फोल्डरमध्ये जायला आल्ट + वरचा बाण. फाइल भलत्याच ठिकाणी सरकली तर इथेही कंट्रोल + झेड चालतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. शिफ्ट + डिलीट मात्र जपून वापरा. त्याने फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते आणि कंट्रोल + झेडनेही परत येत नाही.

एक्सेलवर रेंगाळणं योग्य आहे

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ असतात. एवढ्या मैदानात माऊसने स्क्रोल करत फिरणं म्हणजे वेळ घालवणं आहे. कंट्रोल + बाण दाबला की कर्सर भरलेल्या भागाच्या टोकाला पोहोचतो. शिफ्ट जोडलं की तेवढा भाग सिलेक्ट. मजकुरात शिकलेला नियमच इथे जसाच्या तसा चालतो. पूर्ण स्तंभ कंट्रोल + स्पेसबार, पूर्ण ओळ शिफ्ट + स्पेसबार. एका शीटवरून दुसऱ्यावर जायला कंट्रोल + पेज अप आणि पेज डाउन. आकड्यांच्या खाली उभं राहून आल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की बेरजेचं सूत्र तयार. आजची तारीख कंट्रोल + अर्धविराम. फिल्टर लावायला कंट्रोल + शिफ्ट + एल. पेशीतच (एका चौकोनात, म्हणजे सेलमध्येच) नवी ओळ हवी असेल तर आल्ट + एंटर.

सूत्र लिहिताना एफ ४ दाबला की पेशीच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लागतं आणि पुन्हा दाबत गेलं की ते फक्त ओळीला, फक्त स्तंभाला असं बदलत जातं. सूत्र लिहीत नसताना तोच एफ ४ शेवटची कृती पुन्हा करतो: एका पेशीला रंग दिला, दुसरीवर जाऊन एफ ४.

आता एक संपूर्ण युक्ती देतो. हाताने आलेल्या तक्त्यांमध्ये विभागाचं नाव पहिल्याच ओळीत असतं आणि खालच्या पेशी रिकाम्या असतात. त्या भरल्याशिवाय फिल्टर नीट चालत नाही. त्यासाठी स्तंभातला तेवढा भाग सिलेक्ट करा. वरची पहिली पेशी भरलेली आहे ना हे पाहा. कंट्रोल + जी दाबा, मग आल्ट + एस, मग के, मग एंटर. आता फक्त रिकाम्या पेशी सिलेक्ट झालेल्या दिसतील. बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल + एंटर करा. प्रत्येक रिकाम्या पेशीत तिच्या वरचं नाव येतं. शेवटी तो पूर्ण भाग पुन्हा सिलेक्ट करून कंट्रोल + सी, नंतर कंट्रोल + आल्ट + व्ही, व्ही, एंटर, म्हणजे सूत्रं जाऊन साधी नावं उरतात. ही पायरी गाळली तर तक्ता क्रमवार लावताच नावं चुकीच्या ओळींत जातात. हजार ओळींचा तक्ता अर्ध्या मिनिटात तयार होतो. हेच काम लोक दुपारभर ओढून-ओढून करताना मी पाहिलं आहे.

आपला शॉर्टकट आपण कसा शोधायचा

ज्या कामाचा शॉर्टकट माहीत नाही, त्याच्या बटणावर बाण क्षणभर थांबवा. बऱ्याचदा कंसात तो लिहिलेला दिसतो. मेन्यूमध्ये कामाच्या नावापुढे उजवीकडे दिलेला असतो. वर्ड-एक्सेलमध्ये नुसतं आल्ट दाबून सोडलं की प्रत्येक बटणावर अक्षरं उमटतात, ती एकामागून एक दाबत गेलं की कुठल्याही आज्ञेपर्यंत पोहोचता येतं. ती एकत्र धरावी लागत नाहीत, त्यामुळे ज्यांची बोटं दुखतात त्यांना ही वाट सोपी जाते. जीमेलमध्ये सेटिंगमधून शॉर्टकट सुरू केल्यावर प्रश्नचिन्हाची कळ दाबली की सगळी यादी समोर येते.

मॅक वापरत असाल तर वरच्या बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड दाबा. फरक मजकुरात आहे: शब्दा-शब्दाने जायला ऑप्शन + बाण, ओळीच्या टोकांना कमांड + बाण. प्रोग्राम किंवा फाइल शोधायला कमांड + स्पेसबार.

अचानक काही बिघडलं तर

शॉर्टकट शिकताना कधीतरी चुकीची कळ दाबली जाते आणि पडदा अनोळखी दिसतो. शिफ्ट पाच वेळा ओळीने दाबलं गेलं तर स्टिकी कीजची विचारणा येते. ज्यांना दोन कळा एकत्र धरता येत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय आहे. नको असेल तर ‘नाही’ म्हणा. ब्राउझरच्या वरच्या पट्ट्या गायब झाल्या तर एफ ११ दाबा. अक्षरं फार मोठी किंवा बारीक झाली तर कंट्रोल + शून्य. एक्सेलमध्ये बाण दाबल्यावर कर्सर न हलता पूर्ण शीट सरकत असेल तर स्क्रोल लॉक चालू झालेलं असतं. वर्डमध्ये नवं अक्षर लिहिताना पुढचं पुसलं जात असेल तर इन्सर्टची कळ दाबून पाहा. लॅपटॉपवर एफ २ दाबल्यावर नाव बदलण्याऐवजी आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर सोबत एफएन धरा. अनेक लॅपटॉपवर एफएन + एस्केप एकदा दाबलं की ही अदलाबदल कायमची होते.